गार असताना बघावी

धडधाकट ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय ठेवून दांडा 'पी'वरून 'डी'वर ओढला, की गाडी जागच्या जागी किंचित झुकते. आत कशानं तरी कशाला तरी धरलंय, एवढं अंगाला कळतं. याला सेकंदभरही लागत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. मिनेसोटात जुनी गाडी चालवणाऱ्यांच्या मात्र येतं, कारण जानेवारीच्या सकाळी नेमकं तेवढंच होत नाही. दांडा 'डी'वर आहे, समोर 'डी'चं अक्षर पेटलंय, इंजिन कण्हत का होईना पण चालू आहे, आणि गाडी न्यूट्रलला असल्यासारखी ढिम्म. तीन सेकंद जातात, चार जातात, कधी दहा. मग खालून धाडकन आवाज येतो, सगळी गाडी हादरते आणि चालायला तयार होते.

नवख्या माणसाला या दहा सेकंदांत दोन गोष्टी सुचतात. एक, देवाचं नाव घेणं आणि दुसरी, ॲक्सिलरेटर दाबणं. पहिलीनं गाडीचं काही बिघडत नाही.

मी मिनिआपोलिसला आले तेव्हा थंडी या विषयातलं माझं शिक्षण निफाडमध्ये झालेलं होतं. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटवून धूर करतात आणि माणसं माकडटोप्या घालून हिंडतात. इथे शून्य अंश सेल्सिअसला लोक जॅकेटची चेन उघडतात. 30 जानेवारी 2019 ला मिनिआपोलिसचं तापमान उणे 28 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 33 सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. राज्याच्या उत्तरेला टॉवर नावाचं छोटं गाव आहे, तिथे 2 फेब्रुवारी 1996 ला उणे 60 फॅरनहाइटची, म्हणजे उणे 51 सेल्सिअसची नोंद झाली. टीव्हीवाले यात वाऱ्याचा परिणाम मिसळून आणखी भयंकर आकडा सांगतात. तो माणसांसाठी असतो. वारा गाडीला लवकर गार करतो; हवेपेक्षा जास्त गार करू शकत नाही. एवढीच काय ती गाडीला सवलत. बाकी माणूस कपड्यांवर कपडे घालतो, हीटर वाढवतो, वरणभात खाऊन झोपतो. रस्त्यावर रात्र काढायची असते ती गाडीला.

त्यातही सगळ्याच गाड्यांना नाही. ज्यांच्या घराला लागून उबदार गॅरेज आहे, त्यांच्या गाडीची आणि हिवाळ्याची गाठ फक्त ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडते. विद्यापीठाच्या आसपास भाड्यानं राहणारे विद्यार्थी, रात्रपाळी करणारे, नुकतेच देशात आलेले, यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, आणि जुन्या गाड्याही नेमक्या यांच्याकडेच असतात. ज्या गिअरबॉक्सला थंडी सोसत नाही तोच उघड्यावर राहतो. हवामान सगळ्यांना सारखं असतं असं म्हणणाऱ्यानं एकदा इथल्या गल्लीत सकाळी सहा वाजता उभं राहून बघावं.

माझी गाडी एका जपानी कंपनीची, 1990 च्या दशकाच्या शेवटची, चार दारांची, माझ्याआधी आपल्याकडच्याच विद्यार्थ्यांच्या हातांतून फिरलेली. इथल्या विद्यापीठांमध्ये ही जवळजवळ परंपरा आहे. पदवी घेऊन नोकरीला निघालेला ऑगस्टमध्ये गाडी विकतो आणि त्याच ऑगस्टमध्ये विमानातून उतरलेला ती घेतो. गाडीबरोबर एखादी गादी, प्रेशर कुकर आणि उरलेले तांदूळही पदरात पडतात. गाडी छान चालते, एसी गार करतो, टेपसुद्धा वाजतो. व्यवहार दोघांच्याही मनासारखा होतो. पहिली तक्रार डिसेंबरात येते, तेव्हा विकणारा टेक्सासला पोचलेला असतो.

मी ही तक्रार बाबांना फोनवर सांगितली. त्यांनी हयातभर प्रीमिअर पद्मिनी चालवली, आणि डिसेंबरातल्या सकाळी ती चालू करणं हा आमच्या घरातला एक सोहळा असे.

"चोक ओढून बघितलास का?"

"बाबा, या गाडीला चोक नसतो."

"बरं, मग क्लच अर्धा सोडून जरा रेस कर."

"क्लचही नसतो."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "मग तू करतेस काय गाडीत?"

प्रश्न रास्त होता. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. थंडीत तो जड लागला की बाबा हात थांबवायचे, क्लच पुन्हा दाबायचे, पुन्हा हलक्या हातानं टाकायचे. गाडी गार आहे हे त्यांच्या मनगटाला कळायचं, आणि तिला सांभाळून घेणंही मनगटच करायचं. ऑटोमॅटिकनं हे मनगट मधून काढलं. त्याच्या जागी काय बसवलं, तर तेल.

इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल घालण्याची कल्पना मूळची जहाजांची. हेरमान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरनं 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पात्यांची दोन चाकं तेलात समोरासमोर ठेवायची. इंजिननं एक फिरवलं की तेल दुसऱ्याला फिरवतं, आणि लोखंड लोखंडाला कुठे टेकत नाही. कॅनडात सस्कॅचेवानमधल्या रेजायना या गावचे अल्फ्रेड हॉर्नर मन्रो यांनी 1920 च्या दशकात वेगळा प्रयत्न केला. त्यांचा आपोआप बदलणारा गिअर हवेच्या दाबावर चालायचा. रेजायनाचा हिवाळा काय असतो ते ऐकून माहीत असल्यामुळे मला त्यांच्याबद्दल विशेष आपुलकी आहे. हवा निदान थिजत तरी नाही. पण तिच्यात जोर पुरेना, आणि ते यंत्र बाजारात आलं नाही. बाजारात आलं ते जनरल मोटर्सचं हायड्रा-मॅटिक. अर्ल थॉम्प्सन यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते उभं केलं, 1939 मध्ये ते जाहीर झालं, आणि 1940 च्या ओल्ड्समोबिल गाडीला 57 डॉलर जादा भरले की बसवून मिळायचं. क्लचचं पेडल कायमचं गेलं. दुसऱ्या महायुद्धात हेच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसले, आणि युद्धानंतर जाहिरातींनी त्या गोष्टीचं भांडवल केलं. त्या पहिल्या हायड्रा-मॅटिकला 'पी' नव्हताच. गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सला टाकून ठेवायचा.

चालवणाऱ्यानं आता काही करायचं नाही, हे वचन तेव्हापासून दिलेलं आहे. गाडी नवी असते आणि हवा बरी असते तोवर ते पाळलंही जातं.

त्या थांबलेल्या सेकंदांत आत काय चाललेलं असतं ते सांगायला हवं. गिअरबॉक्सच्या तळाशी पत्र्याचं एक उथळ पॅन असतं, त्यात लाल तेल. पुढच्या बाजूला पंप असतो आणि तो इंजिनच्या जोरावर फिरतो. पॅनमधलं तेल फिल्टरमधून ओढून पंप त्याला दाब देतो आणि ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्यात ढकलतो. हा ठोकळा म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. तो उघडला तर आत वळणावळणांच्या अरुंद वाटा कोरलेल्या दिसतात आणि त्यांच्या तोंडाशी बोटभर लांबीचे व्हॉल्व्ह, बारीक स्प्रिंगा. कुठला गिअर टाकायचा त्याप्रमाणे तेल एका वाटेनं जातं, एका दट्ट्याला मागून रेटतं, दट्ट्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतो आणि गाडी ओढली जाते. म्हणजे पद्मिनीत जे काम बाबांचा डावा पाय करायचा ते इथे तेलाचा दाब करतो. तेल दट्ट्यापर्यंत पोचलं नाही तोवर पाय पेडलवरून उठलेलाच नाही असं धरायचं.

पारा उतरला की हे तेल काकवीसारखं होतं. पंप ओढतो, पण फिल्टरमधून पुरेसं येत नाही. सकाळी गाडीच्या पोटातून जो बारीक, रडका सूर येतो तो बहुधा या ओढाताणीचा. त्यातून रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या गाडीत कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिनकडच्या त्या पात्यांच्या चाकांभोवतीचं, तेल झिरपत खाली पॅनमध्ये उतरलेलं असतं. आधी ते भरायचं, मग वाटा भरायच्या, मग दट्ट्या हलवायचा. दहा सेकंद लागतात ते यात.

हे तेल बनवणाऱ्यांना थंडी ठाऊक नसते असं नाही. त्याचा दाटपणा उणे 40 अंशांवर मोजतात. फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचं ज्यावर एकमत होतं असा हा एकच आकडा. चांगल्या तापलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल जेवढं पातळ असतं त्याच्या हजारो पट दाट ते उणे 40 ला असतं, आणि तरी ते परीक्षेत उत्तीर्ण झालेलं असतं. डेक्स्रॉन नावाच्या तेलाच्या नव्या पिढ्यांमध्ये ही परीक्षा कडक होत गेली. म्हणून नव्या गाड्या थंडीत कमी कुरकुरतात.

या तेलाच्या इतिहासात एक गोष्ट आहे ती मला गिअरबॉक्सपेक्षाही विलक्षण वाटते. 1970 च्या आसपासपर्यंत अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळलेलं असे. काळोख्या, गार समुद्रात खोल बुडी मारणारा हा प्राणी. त्याच्या तेलाचा गुण असा की चकत्यांना धक्का न बसता धरायला ते मदत करायचं, आणि थंडीत असो की उष्म्यात, बिघडायचं नाही. म्हणजे मिनेसोटातला एखादा शेतकरी तेव्हा सकाळी गुळगुळीत दुसऱ्या गिअरवर जायचा तो देवमाशाच्या कृपेनं. 1970 मध्ये अमेरिकेनं स्पर्म व्हेलला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि हे तेल बंद झालं. रसायनं पुन्हा जुळवावी लागली, ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढणाऱ्या होहोबा या झुडपाच्या बियांचं तेल पर्याय म्हणून पुढे आलं, आणि मधल्या काही वर्षांत गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्यांना उसंत मिळाली नाही. बंदी योग्यच होती. एका जनावराला मारून आपला गिअर हळुवार पडतोय, हे इतकी वर्षं कुणाला माहीत तरी होतं का, एवढंच मनात येतं.

त्या काळातला साक्षीदार आमच्या मराठी मंडळात आहे. हे काका 1970 च्या दशकात शिकायला इथे आले आणि इथलेच झाले. त्यांना हिवाळ्याबद्दल काही विचारलं की ते आधी चहा टाकतात.

"अगं, 'पी'त चालू करूच नकोस," ते म्हणाले. "'एन'ला घे, ब्रेकवर पाय ठेव, चालू कर आणि मिनिटभर तिथेच राहू दे. मग 'डी'."

मला हा तोडगा वाटला. निघालं ते खरं. त्या काळच्या काही गिअरबॉक्सांची रचनाच अशी होती की 'पी'मध्ये पंप कन्व्हर्टरकडे तेल पाठवायचा नाही, 'एन'मध्ये पाठवायचा. माझ्या गाडीला त्याची गरज नाही, आणि काकांच्या आजच्या नव्याकोऱ्या गाडीला तर मुळीच नाही. तरी ते रोज 'एन'ला चालू करतात. काकू म्हणतात, "तो त्यांचा नमस्कार आहे, होऊ दे."

काकांच्या पहिल्या गाडीच्या तोंडातून विजेची वायर लोंबत असे. पाहुण्यांना वाटे, ही गाडी विजेवर चालते. ग्रँड फोर्क्स या नॉर्थ डकोटातल्या गावचे अँड्र्यू फ्रीमन यांनी 1949 मध्ये पेटंट घेतलेला हा शोध: इंजिनमध्येच एक हीटर बसवायचा आणि रात्री त्याची वायर भिंतीतल्या प्लगला लावायची. विनिपेग, एडमंटन अशा गावांत आजही पार्किंगच्या जागांपाशी प्लगचे खांब असतात. यानं इंजिन सकाळी हसतखेळत चालू होतं. पण गंमत बघा, ऊब मिळते ती इंजिनला. चार बोटं मागे असलेला गिअरबॉक्स तसाच गारठलेला राहतो. त्याच्या पॅनला चिकटवायचे वेगळे हीटर मिळतात, मात्र त्यांनाही प्लग लागतो, आणि रस्त्याच्या कडेला प्लग नसतो. पुन्हा गॅरेजवाल्यांचीच सोय.

मग लोक गाडी चालू करून ठेवतात आणि पंधरा मिनिटं घरात जाऊन बसतात. चालू गाड्या चोरीला जातात म्हणून पोलिस दर हिवाळ्यात कानीकपाळी ओरडतात, तो भाग वेगळा. इंजिन त्यानं तापतं. गिअरबॉक्सचं तेल ज्या नळ्यांतून फिरून येतं त्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतून जातात, आणि कडाक्याच्या थंडीत उभ्या गाडीचा रेडिएटर बराच वेळ गारच असतो. गिअरबॉक्स तापतो तो काम करताना. म्हणून जाणकार सांगतात ते असं: मिनिट-दोन मिनिटं थांबा, दांडा टाका, गिअर पडल्याचं अंगाला कळू द्या, आणि मग पहिले दोन-तीन मैल अगदी हलक्या पायानं चला. घाईघाईनं हायवेला लागू नका. या सल्ल्यात मला कुठे खोट सापडलेली नाही.

पण थांबून, जपून चालवूनही माझ्या गाडीचे दहा सेकंद कमी होईनात. फेब्रुवारीत ते वाढले. माझा मेकॅनिक उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखातला, तिथे लहानपणापासून बापाच्या गाड्या ढकलत मोठा झालेला. मी चालवत त्याच्याकडे नेली तर गाडी त्याच्या दारात शहाण्यासारखी वागली. दांडा टाकला की क्षणात गिअर. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "तापलेली गाडी मला काय सांगणार? आज रात्री इथेच सोडून जा. बाहेर उभी राहील. सकाळी मी आल्या आल्या बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला, तो हसत होता. ऐकलं म्हणाला. मी गेल्यावर त्यानं मला दुसऱ्याच एका गाडीच्या उघडलेल्या गिअरबॉक्समधलं दट्ट्याचं सील दाखवलं. रबराचं कडं. नवं असताना हे बोटानं वाकतं. त्यानं दिलेलं मी नखानं दाबून पाहिलं, ठसा उमटेना.

सगळी मेख या कड्यात आहे. दट्ट्याच्या कडेनं तेल निसटू नये म्हणून ते बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून त्या रबराचा मऊपणा जातो. थंडीत ते आणखी कडक होतं, जरासं आकसतं, त्याची धार भिंतीपासून सुटते, आणि दाब देऊन पाठवलेलं तेल तिथून पसार होतं. दट्ट्या अर्धवट दाबतो, चकत्या धड धरत नाहीत. इंजिन फिरतं आहे आणि चाक नाही, अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला तर चकत्या एकमेकींवर घासून जळतात. दहा-वीस मिनिटं गाडी चालली, तेल तापलं, की तेच रबर फुगून पुन्हा नीट बसतं. आणि मालक म्हणतो, थंडीमुळे होत होतं, आता ठीक आहे.

रबर आणि थंडी यांचं हे नातं जगाला एकदा फार क्रूरपणे कळलं आहे. 28 जानेवारी 1986 च्या गारठलेल्या सकाळी चॅलेंजर यान उडालं आणि सव्वा मिनिटात सात जणांसह नष्ट झालं, ते बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी कड्यांमुळे. पुढच्या महिन्यात चौकशी समितीसमोर रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. दाबलेलं रबर गार असताना पूर्ववत व्हायला वेळ लावतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. फ्लोरिडात तेव्हा शून्याच्या जरासं वर तापमान होतं. आमच्या गल्लीत त्याला ऊन म्हणतात.

"थंडीला शिव्या देऊ नकोस," मेकॅनिक म्हणाला. "या गाडीचं जे काही झालंय ते उन्हाळ्यांत झालंय. सांगतेय ती आत्ता."

त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अक्षरशः खरं आहे. गिअरबॉक्सला मारते ती उष्णता. तापलेलं तेल जळतं, त्याचा लाल रंग तपकिरी होतो, त्यातून निघालेला चिकट थर व्हॉल्व्हवर बसतो, रबर कडक होतं. हे सगळं जुलैत होतं, एसी लावून ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना, आणि तेव्हा गाडी तोंडातून ब्र काढत नाही. बिघडण्याचा मोसम एक आणि कळण्याचा दुसरा. मला वाटतं, आपण थंडीला दोष देतो त्यात आपली सोय असते. थंडी गेली की दुखणं गेलं असं धरता येतं, एप्रिलपर्यंत कळ काढली की पुढच्या डिसेंबरपर्यंत खर्च टळतो. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये दुखणं जात नाही, दिसेनासं होतं.

अर्थात थंडीतली प्रत्येक कुरकुर दुखण्याची नसते, आणि इथे लोक उगाच घाबरतात. 1990 च्या दशकापासूनच्या बऱ्याच गाड्यांत संगणक तेलाचं किंवा इंजिनचं तापमान बघून मुद्दामच गिअर उशिरा बदलतो, वरचा गिअर काही काळ देतच नाही, कन्व्हर्टरचं कुलूपही लावत नाही. इंजिन नेहमीपेक्षा जोरात ओरडतं ते गाडी स्वतःला तापवून घेते म्हणून. ते चालू द्यावं. दर हिवाळ्यात गिअर पडायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, रिव्हर्स येईनासा झाला असेल, किंवा गाडी तापल्यावरही मध्येच गिअर सुटून इंजिन रिकामं फिरत असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट. डिपस्टिक असलेल्या गाडीत ती बाहेर काढून पांढऱ्या कागदावर पुसावी. लाल दिसलं तर ठीक. काळपट असेल आणि जळका वास येत असेल तर आतल्या चकत्या त्या तेलात उतरल्या आहेत. नव्या पुष्कळ गाड्यांना ही डिपस्टिकच ठेवलेली नाही, तेल गाडीच्या जन्मभर पुरेल असं सांगतात. जन्म कोणी मोजायचा, ते सांगत नाहीत.

तेल बदलावं की नाही यावर काका आणि मेकॅनिक यांचं एकमत नाही. काकांची पिढी म्हणते, जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो. मेकॅनिक म्हणतो, मरायला टेकल्यावरच लोकांना तेल बदलायची बुद्धी होते आणि मग दोष नव्या तेलावर येतो. मी मेकॅनिकच्या बाजूची. रबर फुगवणारी औषधं बाटलीतून मिळतात, ती काही महिने वेळ मारून नेतात.

थंडी जिथे खरोखरच गिअरबॉक्सचा जीव घेते ती जागा दुसरीच आहे: बर्फात रुतलेली गाडी. नांगरानं रस्ता साफ करताना कडेच्या गाड्यांभोवती बर्फाचा बांध घातलेला असतो. माणसाला कामावर जायला उशीर होतोय. तो 'डी' टाकतो, रेस करतो, 'आर' टाकतो, रेस करतो, पुन्हा 'डी'. गाडी पुढेमागे झुलते, चाकं एकाच जागी फिरून बर्फाची काच करतात, आणि आत गारठलेल्या चकत्यांवर काही मिनिटांत काही महिन्यांची झीज होते. त्यापेक्षा फावडं बरं. चाकाखाली टाकायला वाळू किंवा मांजराच्या शौचपेटीत घालतात ती माती लोक डिकीत ठेवतात, तीही चालते. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे माणसं. मिनेसोटातले लोक तोंडभर बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे, पण रुतलेली गाडी दिसली की चार अनोळखी हात न बोलावता बॉनेटला लागतात, आणि गाडी सुटली की आभार मानायच्या आत ती माणसं निघून गेलेली असतात.

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून नवी सीलं बसवायची तर काही हजार डॉलर लागणार होते, आणि गाडीची किंमत त्याहून कमी होती. जुन्या ऑटोमॅटिकचा हिशेब बहुतेक वेळा इथेच येऊन अडतो. यंत्र दुरुस्त होण्याजोगं असतं, पण मजुरीपुढे ते हरतं. मी तेल आणि फिल्टर बदलून घेतला, सकाळी पंधरा मिनिटं लवकर उठायची सवय लावली, आणि तिला चालवत राहिले. विकली ती मुद्दाम फेब्रुवारीत, भल्या सकाळी, घेणाऱ्याला शेजारच्या सीटवर बसवून. दांडा टाकला, आम्ही दोघांनी वाट पाहिली, धाडकन आवाज झाला. त्यानं किंमत कमी केली आणि गाडी घेतली. माझ्या मते तेवढीच तिची किंमत होती.

दर ऑगस्टमध्ये आपली मुलं मिनिआपोलिसला, मॅडिसनला, ॲन आर्बरला, बफेलोला उतरतात आणि आठवड्याभरात जुनी गाडी घेतात. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या घरचं असेल तर त्यांना एवढं सांगा. गाडी संध्याकाळी बघू नका, सकाळी बघा. आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. रात्रभर उभी राहिलेली गाडी ऑगस्टमध्येही थोडंफार खरं बोलते. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गार असेल तर चालू करा, ब्रेक दाबून दांडा 'डी'वर टाका, मग 'आर'वर, आणि गिअर पडायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. कोमट लागलं तर किंमत बोलायच्या भानगडीत पडू नका. नमस्कार करून परत या आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जा.